आंबेमोहोराची बिअर

नाही, पण मी काय म्हणतो, बिअरला घोड्याच्या घोंगडीचा वास यावा अशी कुणाची इच्छा असते का हो? तुमची आहे? मागे बसलेत त्यांची? नाही ना? मग आमच्या श्रीनिवासरावांचीच का असावी? आणि असली तर असू दे, ज्याची त्याची हौस, पण तो वास त्यांना आला की मला का हुंगायला लावतात? ग्लास थेट माझ्या नाकाखाली. "गोपाळराव, काय येतंय?" आता मला युरिक ॲसिड, डॉक्टरांनी बिअर बंद केलेली, मी आपला लिंबू-सोडा घेऊन बसलेला. मी म्हणतो, "बिअरचा वास येतोय." झालं... चेहरा असा करतात, जणू मी भर मैफलीत नाक शिंकरलं. आणि मग ते वाक्य. डोळे मिटून, मान हलवून. "गोपाळराव, बिअर प्यायची नसते, समजून घ्यायची असते." अहो, पीत तर मी नाहीच आहे. मग निम्मं काम माझं झालंच की नाही?

श्रीनिवासराव म्हणजे माझे साडू. आमची हेमा धाकटी, त्यांच्या वासंतीताई थोरल्या. माणूस सज्जन हो, एकदम सज्जन. पिंपरीला मोटारीच्या कारखान्यात गिअरबॉक्समध्ये आयुष्य घालवलं आणि मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता निवृत्त झाल्यावर माणसं काय काय करतात तुम्हाला माहीत आहे, कुणी बासरी शिकतं, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन शेजाऱ्यांना पार्किंगच्या नोटिसा देतं. यांनी बिअर घेतली. प्यायला नाही, अभ्यासाला! पिणारी माणसं बरी हो, पितात आणि झोपतात. अभ्यास करणारा माणूस झोपत नाही आणि दुसऱ्याला झोपू देत नाही.

आणि अभ्यास करायचा कुठे, तर खराडीला. राहायचं कर्वेनगरला आणि बिअर समजून घ्यायची खराडीला, म्हणजे आख्खं पुणं आडवं कापायचं. ते पिणार, मग गाडी कोण चालवणार? ज्याला युरिक ॲसिड आहे तो. तिथे आयटी पार्कच्या मागे यज्ञेश्वर नावाच्या मुलानं बिअर गाळायचं ठिकाण काढलंय, काचेपलीकडे तांब्याचे मोठे मोठे हंडे, आणि इकडे बाकडी टाकलेली. मुलगा गोड आहे, तिकडे जर्मनीत जाऊन हे सगळं शिकून आलाय. तिथे दर शनिवारी फेनरसिक मंडळ जमतं. हसू नका, आहे तसं मंडळ. पुण्यात दोन माणसांना एक गोष्ट आवडली की तिसरा घटना लिहायला घेतो, आणि या मंडळाची घटना श्रीनिवासरावांनी लिहिली आहे. अध्यक्ष सुनीतीताई, संगणकातल्या आहेत, यांच्या निम्म्या वयाच्या, पण नाक असं की बाटली न उघडता दोष सांगतील.

तर त्या मंडळाची रीत ऐका. नवीन बिअर आली की प्रत्येकानं एक घोट घ्यायचा आणि गप्प बसायचं. पूर्ण शांत. मग एकेकानं सांगायचं, काय लागलं ते. आणि नियम असा, की आधीच्यानं सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही! म्हणजे पहिला म्हणतो "संत्र्याची साल". दुसऱ्यालाही संत्र्याचीच साल लागलेली असते हो बिचाऱ्याला, पण ती गेली. तो म्हणतो "भिजलेलं लाकूड". तिसरा म्हणतो "जुन्या पुस्तकाचं पान". असं करत करत आठव्या माणसापर्यंत येतं तेव्हा काय शिल्लक राहणार? तिथून ती घोंगडी आली. आणि श्रीनिवासराव नेहमी आठवे बसतात. मुद्दाम! म्हणे पहिल्यांदा सांगणं कुणालाही जमतं. मी एकदा त्यांच्या घरी विचारलं, "अहो, तुम्ही घोडा शेवटचा हुंगलात कधी?" तर म्हणाले, "माझ्या वरातीत." आणि वासंतीताई शेजारून शांतपणे म्हणाल्या, "हो, आणि तेव्हाही माझ्यापेक्षा त्याच्याकडेच लक्ष होतं."

आता हे एवढं रसिक, म्हणजे दुकानात मिळते ती साधी बाटलीतली बिअर यांना चालेल का? नाव काढायची सोय नाही. पिवळं पाणी म्हणतात. आणि रागाचं मुख्य कारण काय, तर तांदूळ. "त्यात तांदूळ घालतात, गोपाळराव, तांदूळ." आवाज असा की दुधात चुना घालतात. "कशाला? तर स्वस्त पडतो. ना रंग येत, ना चव येत, ना वास येत. बिअरमधली सगळी बिअर काढून टाकायचा उपाय आहे तो." आणि हे त्यांनी मला कुठे सांगितलं? मुंजीच्या पंगतीत. पानात भात, भातावर वरण, वरणावर तूप पडतंय, आणि हे माझ्या कानात, "तांदळाला स्वतःचं काही म्हणणंच नसतं." वाढणारा मुलगा घाबरून पुढे गेला, मला दुसऱ्यांदा भात मिळाला नाही.

यात आणखी एक माणूस आहे, तो आताच सांगून ठेवतो. हिंदुराव. खराडीचे मूळचे, ज्या जागेवर यज्ञेश्वरचे हंडे उभे आहेत ना, तिथे पूर्वी यांचा ऊस होता. जागा अजून यांचीच. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, रोज संध्याकाळी येऊन दाराजवळच्या बाकड्यावर बसणार आणि चहा पिणार. बिअरच्या ठिकाणी चहा! का, तर त्यांना साधी थंड बाटलीतली पाहिजे, आणि यज्ञेश्वर ती ठेवत नाही, तत्त्व म्हणून. "काय ओ साहेब," ते श्रीनिवासरावांना म्हणायचे, "माज्याच रानात मला माजी बिअर मिळत न्हाई. ह्यांची एक पिली, तर कडू काढा. दुसरी पिली, तर आंबलेलं ताक. आवो, पिऊन त्वांड वाकडं करायचं तर पैसं द्यून कशाला करायचं?" आणि श्रीनिवासराव त्यांच्याकडे असं बघायचे, कणव येऊन. "हिंदुराव, बिअर प्यायची नसते, समजून घ्यायची असते." त्यावर हिंदुराव म्हणायचे, "बरं, समजलं. आता पियाची कुटली ते सांगा."

आता खरी गोष्ट. यज्ञेश्वर दर वर्षी मंडळातल्या एका रसिकाला एक हंडा देतो. तुमची बिअर तुम्ही करा, आम्ही मदत करू. लोकांनी घेतली, संपली, तर ती कायमची, आणि मागच्या भिंतीवर मोठा काळा फळा आहे, त्यावर बिअरचं नाव आणि खाली करणाऱ्याचं नाव. खडूनं नाही, रंगानं. या वर्षी पाळी कुणाची आली? बरोबर.

तुम्हाला सांगतो, मी त्यांची इतकी चेष्टा करतो, पण त्या रात्री गाडीत ते जे बोलले त्याची मला चेष्टा करवली नाही. येरवड्याचा सिग्नल होता. म्हणाले, "गोपाळराव, आयुष्यभर गिअर केले. लाखो गाड्या रस्त्यावर आहेत. एकावरही माझं नाव नाही. असायचं कारणही नाही, गिअर कुणाला दिसतो? पण एकदा तरी, एखाद्या गोष्टीवर, लोकांना दिसेल असं..." सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न मारला. मी मनात म्हटलं, देवा, घोंगडीचा वास येऊ दे, खोगिराचा येऊ दे, पण या माणसाचं नाव लागू दे.

आणि मग काय, उत्साह! घरात दुसरा विषय नाही. सकाळी सात वाजता फोन. "गोपाळराव, पुण्याचं म्हणून काय घालावं?" मी झोपेत म्हटलं, "बाकरवडी." फोन ठेवला. पाच मिनिटांनी परत. "गंमत नको. मातीतलं पाहिजे. या मावळातलं." आणि दोन दिवसांनी दारात उभे, हातात पुडी, डोळ्यांत ही चमक. "वास घ्या." मी घेतला. आणि खरं सांगतो, त्या घोंगडीनंतर पहिल्यांदा काहीतरी चांगलं नाकाखाली आलं होतं. आंब्याच्या मोहोराचा वास. मुळशीकडचा आंबेमोहोर तांदूळ.

मी म्हटलं, "श्रीनिवासराव... तांदूळ?"

"हा तांदूळ नाही," म्हणाले. "म्हणजे तांदूळ आहे. पण ते लोक घालतात त्या कण्या. हा आंबेमोहोर आहे. याला स्वतःचं म्हणणं आहे."

मुंजीच्या पंगतीतलं माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिळलं. कारण आनंद इतका होता चेहऱ्यावर. वासंतीताई मात्र गिळणाऱ्यांतल्या नाहीत. "भावोजी, बघितलंत का? घरात मला कोलम, आणि बिअरला आंबेमोहोर."

झालं, पोती गेली खराडीला. आता इथून पुढे जे झालं ना, ते हळूहळू झालं, आणि प्रत्येक पायरीला सगळे इतके शहाण्यासारखे बोलत होते की काय चाललंय ते कुणाला कळलंच नाही. यज्ञेश्वर म्हणाला, "काका, हॉप्स किती घालायचे?" हॉप्स म्हणजे ती कडवट फुलं असतात, बिअरचा कडूपणा आणि वास त्यांचाच. श्रीनिवासराव म्हणाले, "कमी. अगदी कमी. नाहीतर तांदूळ दबेल." बरोबर आहे. मग मोड आणलेल्या सातूचं, गडद भाजलेलं माल्ट? "तेही नको, रंग येईल. तांदळावर रंग कशाला?" हेही बरोबर. मग यीस्ट कुठलं? मंडळी बाहेरून मागवतात, केळ्याचा वास देणारं, लवंगेचा वास देणारं. हे म्हणाले, "नको. स्वतःचा वास न देणारं द्या. तांदळाला बोलू दे." मग मुरवायची कशी? "थंड. खूप थंडीत, हळूहळू. मोहोर नाजूक असतो." आणि शेवटी गाळून स्वच्छ, आरशासारखी. का? तर तांदळाला काही लपवायचं नाही.

मी लिंबू-सोडा पीत हे सगळं ऐकतोय. मला काय कळतंय? मी आपला मान हलवतोय. फक्त दाराजवळून हिंदुराव म्हणाले, "साहेब, सगळंच काडलं की ओ. आता ऱ्हायलं काय त्यात?" त्यावर श्रीनिवासराव हसले, मोठ्या मनानं. "हिंदुराव, बिअर प्यायची नसते..." "व्हय व्हय," हिंदुराव म्हणाले, "ठाव हाय मला पुढचं."

बरं, तांदूळ असा कच्चा घालून चालत नाही, आधी शिजवावा लागतो. तर ज्या दिवशी तो शिजला ना, अहो, काय सांगू तुम्हाला! मोठ्या हंड्यात रटरट रटरट भात, वरून वाफेचे लोट, आणि वास... सगळ्या खराडीत वास. आयटी पार्कमधली पोरं गळ्यातल्या पट्ट्यांसकट खाली उतरली. एक मुलगी डोळे पुसत म्हणाली, "काका, इथे लग्न आहे का? आईची आठवण आली." रिक्षावाला रिक्षा थांबवून विचारतोय, पंगत कितीला बसणार. सिक्युरिटीवाला म्हणतोय, "सर, स्मेल बहुत अच्छा है, थाली कितने का?" आणि श्रीनिवासराव मधोमध उभे, हात पसरून, चष्म्यावर वाफ, "घ्या, घ्या, वास घ्या सगळ्यांनी." घरचं कार्य असल्यासारखे. दोन तास तो भात उकळला आणि दोन तास हा माणूस वास वाटत होता. सुनीतीताईंनी मोबाईलवर सगळ्या गावाला कळवलं, पुण्याची स्वतःची बिअर येतेय म्हणून. आम्ही कुणी, म्हणजे एकानंही, हा विचार केला नाही की वास जर सगळा खराडीत गेलाय, तर हंड्यात काय उरलंय.

मग ती मुरली. मुरेपर्यंत आमचं जे झालं ते विचारू नका. यांना झोप नाही, जेवण नाही, भाताचा घास हातात घेऊन छताकडे बघत बसतात. वासंतीताईंनी मला फोन करून सांगितलं, "हेमाच्या बाळंतपणात तुम्ही घातल्या नसतील इतक्या येरझाऱ्या हे घालतायत."

आणि आला तो शनिवार. मंडळ झाडून हजर. यांनी नवा कुर्ता घातलेला. वासंतीताई पहिल्यांदा आल्या होत्या, खास, मोत्याच्या कुड्या घालून. यज्ञेश्वरनं तोटी फिरवली. आणि ग्लासात काय सुंदर उतरली हो! सोनेरी, स्वच्छ, पलीकडच्या माणसाचा चेहरा दिसेल अशी, वर पांढरा फेस. टाळ्या झाल्या. सगळ्यांनी एक घोट घेतला. आणि शांतता. पूर्ण.

ती शांतता जरा लांबलीच.

पहिले दिगंबरपंत. मंडळाचे सर्वात जुने सभासद. त्यांनी घोट फिरवला, गिळला, छताकडे बघितलं. "स्वच्छ," म्हणाले. बरं. दुसऱ्यानं पुन्हा घोट घेतला, मग आणखी एक. "थंड." तिसरी एक मुलगी होती, तिला घाम फुटला. "स्वच्छ" गेलं, "थंड" गेलं, आता बिचारीनं काय सांगावं? ती म्हणाली, "ओली." ओली! चौथा म्हणाला, "हिचा... हिचा शेवट लवकर होतो." पाचव्यानं सर्दी झाल्याचं सांगितलं. सुनीतीताईंकडे सगळे बघायला लागले. एवढं मोठं नाक, पण त्या नुसत्या ग्लासाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना चव लागलीय, ओळखलीय, आणि ती तोंडानं सांगायची नाहीये. आणि आठवे श्रीनिवासराव. स्वतःचीच बिअर. घोट घेतला. डोळे मिटले. मी बघत होतो हो त्यांच्याकडे. मिटलेले डोळे उघडलेच नाहीत बराच वेळ. त्यांनाही ओळख पटली होती.

आणि तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, "आरं!"

हिंदुराव. यज्ञेश्वरनं शेजारधर्म म्हणून एक ग्लास त्यांच्यापुढे ठेवला होता. तो रिकामा होता. "आरं यज्ञेश्वरा, हीच की ती! आन आजून एक. इतकी वर्सं कुटं लपवून ठिवलीवती?" दुसरा ग्लास उभ्या उभ्या संपवला, ओठ पुसले आणि मोबाईल कानाला लावला. "बजरंग, अरं गाडी काड. पोरास्नी घ्यून ये. आपल्या रानात आपली मिळाया लागली. न्हाई न्हाई, कडू न्हाई. साधी हाय, एकदम साधी."

पुढचं काय सांगू? बजरंग आला, बजरंगबरोबर जीप भरून माणसं आली, त्यांच्यामागून आणखी आली. जी माणसं या ठिकाणाकडे बघून रस्ता बदलत होती ती खुर्च्या ओढून बसली. पाठोपाठ आयटीतली पोरं घुसली, जी आजवर नाइलाजानं घोंगडी पीत होती आणि मित्रांसमोर बोलत नव्हती, त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "भैया, वो सिंपलवाली." तोटी बंदच होईना. जो हंडा महिनाभर पुरायचा तो त्या रात्री तळाला गेला. हिंदुराव आमच्या बाकड्यापाशी आले, श्रीनिवासरावांचे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी हो त्यांच्या. "साहेब, मी तुमाला लई हसलो. चुकलं माजं. येवढं शिकलं, येवढा अभ्यास केला, पर शेवटी बाटलीतल्यासारखी जमली तुमास्नी."

आता यावर माणसानं काय म्हणावं? मनापासूनची दाद आहे, शिवीसारखी लागलीय, आणि समोरच्याचे डोळे भरलेत. श्रीनिवासराव उभे राहिले आणि वाकून नमस्कार केला. म्हणाले, "आपल्याला आवडली, पावलो." पुणेरी माणूस आहे, मोडेल पण रीत सोडणार नाही. वासंतीताईंनी तोवर आपला ग्लास संपवला होता. आयुष्यातली पहिली बिअर. "अहो," त्या म्हणाल्या, "ही छान आहे. तुम्ही एवढी वर्षं ती दुसरी कशाला पीत होतात?"

यज्ञेश्वर तर नाचतच आला. "काका, कायमची! दर पंधरवड्याला तुम्ही यायचं, भात तुमच्याच हातचा." आणि शब्दाला जागला मुलगा, दुसऱ्या दिवशी रंगारी बोलावून फळ्यावर सगळ्यात वर, पांढऱ्या रंगात, 'आंबेमोहोर' आणि खाली 'श्रीनिवास'. ही एवढाली अक्षरं. रस्त्यावरून दिसतात. अर्थात आंबेमोहोर कुणी म्हणत नाही. "दोन साध्या द्या," असंच म्हणतात.

आणि मंडळाचं म्हणाल तर मंडळानं पुढच्याच आठवड्यात जागा बदलली. सुनीतीताईंचा निरोप आला, फार सभ्य. या ठिकाणी अलीकडे गर्दी वाढली आहे, सबब रसास्वादाला योग्य वातावरण राहिलेलं नाही, तरी यापुढे मंडळ धायरीला जमेल. तिथे कुणी नवीन माणूस आहे म्हणे, तो बिअरमध्ये शेवग्याचा पाला घालतो. मी चिडलो. म्हटलं, श्रीनिवासराव, घटना तुमची, मंडळ तुमचं, आणि तुमच्याच बिअरमुळे उठून जातात म्हणजे काय? तर हे शांत. दाराजवळच्या बाकड्यावर बसलेले, एका बाजूला हिंदुराव, दुसऱ्या बाजूला बजरंग, पुढ्यात तिघांना तीन साध्या. म्हणाले, "नाही गोपाळराव, त्यांचं बरोबर आहे. अशी बिअर जिथे मिळते तिथे रसिक माणसानं थांबूच नये. मी असतो तर मीच पहिला उठलो असतो."

मग एक घोट घेतला, फळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पण आता कुठे उठतो? नाव लागलंय ना."